केबिन बॅगेचे नियम आम्हाला घरी असतानाच सांगा

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, नवी दिल्ली
आणि भारतातून परदेशी उड्डाणं करणाऱ्या सर्व विमान कंपन्यांचे व्यवस्थापक

महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

मी डोंबिवलीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात काम करते. आमच्याकडे परीक्षांचे निकाल लागले की आणि पुन्हा दिवाळीच्या आसपास परदेशी निघालेल्या मंडळींची रीघ लागते. कुणाच्या मुलीचं बाळंतपण न्यू जर्सीला, कुणाच्या नातवाची मुंज सिंगापूरला, कुणाचा मुलगा नव्यानेच जर्मनीत घर घेऊन स्थिरावलेला. तिकिटं मुलं तिकडे बसून काढतात. ईमेल मुलांचा, मोबाइल नंबर मुलांचा. त्यामुळे कंपनीकडून सामानाबद्दल जे काही कळवलं जातं ते मुलांच्या इनबॉक्समध्ये पडतं. आईवडिलांच्या हाती व्हॉट्सॲपवरून एक पीडीएफ येते आणि सोबत निरोप, ‘हातात सात किलो, बाकी सगळं मोठ्या बॅगेत.’ बॅग मात्र इथे, डोंबिवलीत, ते दोघं भरतात.

या पत्राचं कारण हेच आहे. नियम ज्याला कळतो तो बॅग भरत नाही आणि जो बॅग भरतो त्याच्यापर्यंत नियम पोहोचत नाही. सिक्युरिटीच्या ट्रेपाशी तो पहिल्यांदा कळतो, तेव्हा मोठी बॅग पट्ट्यावरून केव्हाच आत गेलेली असते, सोडायला आलेली माणसं घरी परतलेली असतात आणि मागे रांग खोळंबलेली असते. अशा वेळी जवानाने कितीही सौजन्याने सांगितलं तरी सत्तरीतल्या माणसाच्या हातात वस्तू टाकून देण्यापलीकडे काही उरत नाही. नियम सैल करा, अशी माझी मागणी नाही. ते कशासाठी आहेत हे मी समजून घेतलं आहे आणि संघात समजावूनही सांगते. मागणी एवढीच, की बॅग पलंगावर उघडी असताना ते आमच्यापर्यंत, आमच्या भाषेत आणि आमच्या संपूर्ण प्रवासाचे म्हणून पोहोचावेत.

द्रव पदार्थांपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त माणसं तिथेच अडतात. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं शीतपेयाच्या बाटल्यांत लपवलेल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडकीस आणला. त्यानंतर १०० मिलिलिटरचा नियम जगभर आला. प्रत्येक बाटली किंवा ट्यूब जास्तीत जास्त १०० मिलिलिटरची, आणि त्या सगळ्या मिळून एक लिटरच्या, बंद होणाऱ्या एकाच पारदर्शक पिशवीत. हे सांगितलं की लोकांना पटतं. न कळणारी गोष्ट पुढची आहे. माप डब्याचं धरलं जातं, आत उरलेल्या मालाचं नाही. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी चमचाभर खोबरेल राहिलं असेल तरी ती बाटली जात नाही. अर्धी संपलेली टूथपेस्टची मोठी ट्यूब जात नाही. इथे भल्याभल्यांची फसगत होते, कारण ‘शंभर मिलिलिटरपर्यंत चालतं’ एवढंच त्यांच्या कानावर आलेलं असतं.

दुसरा प्रश्न आमच्या स्वयंपाकघराचा. तुमच्या याद्यांमध्ये आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जॅम असतो, सॉस असतो, पीनट बटर असतं. आमची मंडळी यातलं काही नेत नाहीत. ती नेतात साजूक तूप, कैरीचं लोणचं, मुरांबा, कोकमाचं आगळ, आम्रखंड, तेलात कालवलेली लसणाची चटणी. थंडीत थिजलेलं तूप हातात धरून एखादी आजी म्हणते, ‘अहो, हे घट्ट आहे, द्रव कुठे?’ तिचं म्हणणं चुकीचं कसं म्हणायचं? जे ओतता येतं, पसरतं, चमच्याने फासता येतं, ते सगळं सुरक्षेच्या भाषेत द्रव किंवा जेल, हे तिला कुणीच कधी सांगितलेलं नाही. उलट बेसनाचा लाडू, डिंकाचा लाडू, चकली, गूळपोळी यांना या नियमाची आडकाठी नाही, हेही सांगितलेलं नाही. त्यामुळे काहीजण भीतीपोटी लाडूही घरी ठेवून जातात. तिकडे उतरल्यावर कस्टम्सचे नियम वेगळे असतात हे मला माहीत आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेली तर किती मोठं संकट ओढवू शकतं हे संघात मी दर वेळी बजावते. पण तो विषय उतरण्याच्या देशाचा. इथली यादी तुमची आहे आणि तिच्यात आमच्या फडताळातले पदार्थ नावानिशी यायला हवेत.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आणखी एक नियम आहे, तोही फार थोड्यांना ठाऊक असतो. ३० जून २०१८ पासून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरहून जास्त, म्हणजे शीतपेयाच्या साधारण एका कॅनपेक्षा अधिक पूड हातातल्या बॅगेत असेल तर तिची वेगळी तपासणी होते, आणि ती काय आहे याची खात्री पटली नाही तर ती केबिनमध्ये जाऊ देत नाहीत. आता मराठी घरातून काय जातं ते पाहा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नाचणीचं सत्त्व, बाळंतिणीसाठी अळीव-सुंठीचं काहीबाही. जवळजवळ सगळी पूडच. मोठ्या बॅगेत ती बिनघोर जाऊ शकते. एवढं एक वाक्य वेळेवर कळलं असतं तर काम झालं असतं.

म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो, खाण्याचं जे काही असेल ते मोठ्या बॅगेत टाका. आणि इथेच पुढची अडचण उभी राहते. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला १३६३ हा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आहे आणि त्याचा वर्ग ४.२, म्हणजे स्वतःहून तापत जाऊन पेट घेऊ शकणारे पदार्थ. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ढीग करून कोंदट जागी ठेवलं तर ते आतल्या आत तापतं, याचा अनुभव कोकणातल्या बागायतदारांना आणि व्यापाऱ्यांना असेल. २०२२ मध्ये आपल्या ब्युरोने ते चेक-इन सामानातल्या निषिद्ध वस्तूंमध्ये घातलं. कारण योग्य आहे, माझी त्याला पूर्ण मान्यता आहे. पण खोबऱ्याच्या वाट्या हे कोकणातून आणि गोव्यातून परदेशी निघालेल्या प्रत्येक दुसऱ्या बॅगेतलं सामान आहे. ज्या वस्तूवरची बंदी विशेषकरून आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसांना लागू पडते, ती त्यांच्या भाषेत न सांगणं हा कारभारातला दोष आहे.

पॉवर बँकेचं याच्या उलट. ती चेक-इनमध्ये कधीच ठेवायची नाही, फक्त हातात. सुटी लिथियम बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये ती दिसते, विझवता येते. सामानाच्या पोटात ती कुणाला दिसत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) चालते, १०० ते १६० पर्यंतच्या जास्तीत जास्त दोन, त्याही कंपनीची परवानगी घेऊन, आणि त्याहून मोठी अजिबात नाही. अडचण अशी, की आपल्याकडच्या दुकानांत पॉवर बँक मिलीअँपिअर-अवर सांगून विकली जाते. २०,००० मिलीअँपिअर-अवरची म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, हा हिशेब (३.७ व्होल्टने गुणायचं आणि हजाराने भागायचं) निवृत्त गृहस्थाने दुकानात उभं राहून करावा, ही अपेक्षा बरोबर नाही. शिवाय २०२५ या एका वर्षात नियम बदलले. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आग डोक्यावरच्या कप्प्यात लागली होती, आतली सगळी १७६ माणसं बाहेर काढता आली. तिथल्या तपासात पॉवर बँकेकडे बोट दाखवलं गेलं. त्यानंतर अनेक कंपन्यांनी आपले नियम कडक केले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक, तीही विमानात वापरायची नाही आणि डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, असं ठरवलं. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासूनच तिचा वापर थांबवला होता. जी माणसं दोन वर्षांपूर्वी दुबईला जाऊन आली आणि ‘आम्हाला सगळं माहीत आहे’ म्हणतात, त्यांनाच हे कळवण्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

प्रवास एका टप्प्याचा नसतो, हे कंपन्यांना माझ्यापेक्षा अधिक कळतं. तरीही प्रत्येक कंपनी आपल्याच विमानापुरतं बोलते. नागपूरहून मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून पुढे अशी तिकिटं आमच्याकडे सर्रास येतात. देशातल्या टप्प्यात पाण्याची बाटली नेली तर कुणी हटकत नाही. मुंबईत आंतरराष्ट्रीय बाजूला शिरताना तीच बाटली काढून घेतात. सिक्युरिटीनंतर विकत घेतलेलं पाणी पुढच्या विमानतळावर, ट्रान्झिटच्या तपासणीत, पुन्हा टाकावं लागतं. ड्युटी फ्रीमधून घेतलेली बाटली सीलबंद सुरक्षा पिशवीत, पावती दिसेल अशी असेल तरच पुढे जाते, आणि कुतूहलाने ती पिशवी मध्येच उघडली की संपलं. अमेरिकेत तर पहिल्याच विमानतळावर कस्टम्ससाठी मोठ्या बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. पुढे देशांतर्गत विमान असेल तर ड्युटी फ्रीची बाटली त्याच वेळी मोठ्या बॅगेत टाकून देणं सगळ्यात सोयीचं. हे कुणी तिकिटावर लिहिलं आहे का?

त्यात आता नियम विमानतळागणिक वेगळे होऊ लागले आहेत. एडिनबरा आणि बर्मिंगहॅममध्ये नव्या स्कॅनरमुळे २०२५ पासून दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या चालू लागल्या. युरोपीय संघाने मात्र १ सप्टेंबर २०२४ पासून नवे स्कॅनर बसवलेल्या विमानतळांवरही १०० मिलिलिटरची मर्यादा पुन्हा लावली होती. म्हणजे एडिनबराहून परत येताना शाम्पूची मोठी बाटली हातात घेऊन निघालेला माणूस वाटेतल्या दुसऱ्या विमानतळावर ती गमावू शकतो. नियम निघण्याच्या विमानतळाचा असतो आणि मध्ये तपासणी झाली तर त्याही विमानतळाचा असतो. प्रवाशाने सगळ्यात कडक टप्पा धरून बॅग भरावी, हे सांगायला एक ओळ पुरते.

आकार आणि वजनाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते निदान तिकिटावर असतं. तरी एमिरेट्सच्या इकॉनॉमीत ७ किलो, लुफ्तान्साचे ८, एअर फ्रान्सचे दोन्ही बॅगा मिळून १२, ब्रिटिश एअरवेजचे २३ आणि युनायटेडला वजनाची मर्यादाच नाही, असं असताना एकाच तिकिटावर दोन कंपन्या आल्या तर काय करायचं? हातातल्या बॅगेला सहसा प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचा नियम लागतो, तिकीट विकणाऱ्या कंपनीचा नव्हे. २०१५ च्या जून महिन्यात आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, ५५ गुणिले ३५ गुणिले २० सेंटिमीटर असा एकच सर्वमान्य आकार सुचवला होता. टीका झाली आणि काही दिवसांतच तो बासनात गेला. जगाचं एकमत होईल तेव्हा होवो. आपल्या हातात एक गोष्ट आहे. २००० सालच्या आपल्या परिपत्रकांनुसार भारतात प्रवाशाला हातात एकच बॅग नेता येते. महिलांची पर्स आणि आणखी काही ठरलेल्या वस्तू तेवढ्या त्यातून वगळलेल्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये आपण त्याची पुन्हा आठवण करून दिली. परदेशी कंपनीचं तिकीट मात्र ‘एक केबिन बॅग आणि एक वैयक्तिक वस्तू’ असं सांगतं आणि त्या वैयक्तिक वस्तूत पाठीवरची भरगच्च सॅकही बसते. मग दारात वाद होतो. ब्युरो आणि कंपन्या, दोघांनी बसून या दोन वाक्यांचं एक वाक्य करावं.

आता जी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते ती सांगते. विमान भरलेलं असलं की गेटवर हातातली बॅग मागितली जाते आणि ती खाली सामानात जाते. आमच्या संघातल्या एका बाईंची बॅग अशीच एका कंपनीने घेतली. कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही विश्वासाने दिली. त्या बॅगेत त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि नातवासाठी घेतलेली पॉवर बँक होती. म्हणजे एकाच बॅगेबरोबर औषध हाताबाहेर गेलं आणि जी वस्तू खाली जाताच कामा नये ती खाली गेली. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात थंडीने गोठून निकामी होऊ शकतं, म्हणून ते नेहमी जवळ ठेवायला डॉक्टर सांगतात. पुढे मोठं काही बिघडलं नाही, पण बिघडू शकलं असतं. गेटवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याने बॅग हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारायलाच हव्यात : औषधं काढली का, पॉवर बँक काढली का, पासपोर्ट आणि पैसे काढले का. मुंबई, पुणे, नागपूर, गोवा इथून सुटणाऱ्या विमानांसाठी हे तीन प्रश्न मराठीत, आणि गोव्यात कोकणीतही, विचारता यावेत. बॅटरीच्या सुरक्षेसाठी ही विचारपूस तशीही आवश्यकच आहे.

आणि बॅग घेतलीत तर टॅग द्या. २००९ पासून भारत १९९९ च्या माँट्रियल कराराचा सदस्य आहे. त्यानुसार कंपनीच्या ताब्यात दिलेल्या प्रत्येक बॅगेसाठी ओळखचिठ्ठी द्यायची असते, आणि ती बॅग हरवली वा फुटली तर जबाबदारी कंपनीची. डिसेंबर २०२४ अखेरपासून तिची मर्यादा दरप्रवासी १,५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची ती हिशेबाची एककं, इतकी आहे. हातातच राहिलेल्या सामानाबाबत मात्र कंपनीची चूक दाखवून द्यावी लागते. गेटवर दिलेली बॅग कोणत्या बाजूला मोडते, हे त्या चिठ्ठीवरून ठरतं. आमच्या माणसांना चिठ्ठी मागायची असते हेच माहीत नसतं.

औषधांबद्दल एक विनंती खास. आवश्यक औषधांना आणि तान्ह्या बाळाच्या दुधाला १०० मिलिलिटरची अट लागत नाही, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात आणि डॉक्टरांचं पत्र विचारलं जाऊ शकतं. ते पत्र कसं असावं, याचा एकपानी नमुना आपल्या संकेतस्थळावर ठेवा. औषधाचं मूळ नाव, मात्रा, किती दिवसांचा साठा, सुई किंवा पेन असेल तर त्याचा उल्लेख. आमच्या भागातले डॉक्टर तो आनंदाने भरून देतील. आज प्रत्येकजण आपल्या परीने लिहितो आणि परदेशातल्या तपासणीत अक्षर लागत नाही.

हे सगळं करण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. २०२५ च्या सुरुवातीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सांगितलं, की तिकीट काढल्यावर प्रवाशांच्या हक्कांच्या सनदेची लिंक एसएमएस किंवा व्हॉट्सॲपने पाठवा. त्याच वाटेने सामानाची माहिती जाऊ शकते. फक्त तिकीट काढणाऱ्याच्या नंबरबरोबर प्रवास करणाऱ्याचा नंबरही सक्तीने विचारा, आणि भाषा निवडायला द्या. डिसेंबर २०१८ मध्ये विमानतळांवरच्या घोषणा आधी स्थानिक भाषेत कराव्यात असा आदेश निघाला होता. घोषणा झाल्या तरी त्या बॅग भरून झाल्यावरच्या. भाषेचा तोच आग्रह बॅग भरण्याआधीच्या माहितीत दिसू दे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर वस्तूचं नाव टाकलं की ती हातात चालेल की मोठ्या बॅगेत, हे लगेच दिसतं. तसंच मराठीत असावं, ज्यात ‘मुरांबा’, ‘भाजणी’, ‘खोबऱ्याची वाटी’, ‘अडकित्ता’ असं टाइप केल्यावर उत्तर येईल. आणि जी गोष्ट कुठल्याच बॅगेत चालत नाही तीही तिथे स्पष्ट लिहिलेली असेल.

विमानतळांवर काचेच्या पेटीत ठेवलेल्या निषिद्ध वस्तूंच्या नमुन्यांचाही विचार व्हावा. ते सिक्युरिटीच्या तोंडाशी असून उपयोग नाही. चेक-इन काउंटरच्या रांगेत, मोठी बॅग अजून हातात असताना, मराठी मथळ्यांसह मांडा. तिथे तुपाची बरणी एका बॅगेतून दुसऱ्या बॅगेत जाऊ शकते आणि पॉवर बँक उलट दिशेने येऊ शकते. सिक्युरिटीपाशी पोहोचल्यावर दोन्ही वाटा बंद होतात.

पदार्थांची मराठी यादी करायला ब्युरोकडे माणूसबळ कमी असेल, तर पहिला मसुदा आम्ही करून देऊ. आमच्या संघात निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, आयुष्यभर लोणची घालून विकलेल्या बायका आहेत. कोणता पदार्थ ओतता येतो, कोणता फासता येतो आणि कोणता निव्वळ कोरडा, हे त्यांना विचारून नक्की करता येईल. त्यावर निर्णय अर्थातच आपल्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा. मसुदा कुणाकडे आणि कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, तेवढं या पत्राला उत्तर म्हणून कळवावं. मेच्या गर्दीआधी ती यादी छापून होऊ शकते.

आपली विश्वासू,
एका ज्येष्ठ नागरिक संघाची कार्यकर्ती,
डोंबिवली